हजेरीची वही

वाशीच्या दाणा मार्केटात दुपारचा माल उतरून झाला, ट्रकांचे फाळके वर चढले आणि धक्क्यावर सांडलेले तांदूळ टिपायला कबुतरे उतरली, म्हणजे टोळीचा मुकादम बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही बाहेर काढतो. वही अगदी साधी, वाण्याच्या दुकानी मिळते तशी. कोपरे दुमडलेले, पाने घामाने फुगून आलेली, आणि तीत तारीख, गाळ्याचा नंबर, गाडीचा नंबर, गोण्यांची संख्या व त्याखाली त्या दिवशी हजर असलेल्यांची नावे, एवढाच मजकूर. परंतु ती उघडली रे उघडली की बारा-चौदा माणसे, कोणी तंबाखू मळीत, कोणी डोक्याचे फडके सोडून त्यानेच मान पुशीत, मुकादमाच्या खांद्यावरून तीत डोकावू लागतात, आणि ज्याची अक्षरओळख सहीपुरतीच आहे असा एखादा म्हाताराही पानावर बोट ठेवून विचारतो, "सकाळची बासमतीची गाडी कुटं लिवलीस रं?" मुकादम ओळ दाखवतो, म्हातारा ती वाचल्यासारखे करतो, मान हलवतो, आणि मगच त्या दिवसाचा हिशेब बंद होतो.

गेल्या पावसाळ्यात हा विधी मी पाच-सहा वेळा पाहिला. पहिल्या दिवशी मला तो केवळ एक जुनाट, मोबाइलच्या काळात मागे राहून गेलेला प्रकार वाटला. पुढे त्याच मुकादमाच्या पुतण्याबरोबर काही संध्याकाळी घालविल्यावर माझे मत पालटले. हा पुतण्या पंचवीस-सव्वीस वर्षांचा, कोपरखैरण्यातील माथाडी वसाहतीत चुलत्याच्याच घरी राहणारा, बारावीनंतर दोन वर्षे कॉलेजात जाऊन आलेला, आणि सध्या पाठीवर चौकोनी पिशवी लावून दुचाकीवरून लोकांच्या घरी जेवण पोचविणारा. एकाच घरातून सकाळी पाचला चुलता ओझे उचलण्यासाठी बाहेर पडतो आणि अकराला पुतण्या ओझे पोचविण्यासाठी. दोघांचीही कमाई नगावर, दोघांचाही मालक रोज बदलणारा, आणि दोघांच्याही कामाची बारीकसारीक मोजदाद होते. अंतर एवढेच, की चुलत्याची मोजदाद त्या प्लास्टिकच्या पिशवीत असते, आणि पुतण्याची कोठे असते हे त्याला ठाऊक नाही.

कामाच्या भवितव्याविषयी हल्ली जी प्रचंड चर्चा चालते, तीत यंत्राची भूमिका अगोदरच वाटून दिलेली असते. कोणाच्या मते ते तारणहार, कोणाच्या मते काळ. अशा एका परिसंवादाला मी श्रोता म्हणून बसलो होतो. वक्ते व्यासंगी होते, पडद्यावरचे आलेख देखणे होते, फक्त मध्यंतराचे जेवण अर्धा तास उशिरा आले, कारण ते आणणाऱ्या मुलाला फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडले नव्हते. यंत्र काम मोजते हे खरेच; तथापि ती मोजणी कोणाच्या दप्तरी राहायची, ती कोणाला वाचता यायची आणि ती चुकली तर दाद कोठे मागायची, ही तिन्ही प्रकरणे यंत्राने आजवर कधी निकालात काढलेली नाहीत, ती प्रत्येक पिढीला आपसांत भांडून किंवा मिटवून घ्यावी लागली आहेत. मुंबईत तर या भांडणाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे ज्याला कायमचे मागठाण नाही, कोणी गैरहजर राहिला तर त्या दिवसापुरता त्याच्या जागी घ्यावयाचा माणूस. पहाटेच्या भोंग्याला दरवाजापाशी उभे राहायचे, मुकादम, ज्याला गिरणीत जॉबर म्हणत, तो बाहेर येऊन बोटाने माणसे निवडायचा, आणि ज्याच्यावर बोट आले नाही त्याने खानावळीची वाट धरायची. त्या बोटामागे काय काय हिशेब असत, ते वडिलांकडून मी पुष्कळदा ऐकले आहे. जॉबर आपल्या गावचा, आपल्या तालुक्याचा, आपल्या जातीचा माणूस आधी पाही. त्याला दस्तुरी द्यावी लागे. आजोबा शिमग्याहून परतताना त्याच्यासाठी कोंबडा आणीत, आणि त्या कोंबड्याचे पुण्य फार तर पंधरा दिवस टिके. १९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले कमिशनने जॉबराच्या हातून नोकरभरतीचा अधिकार काढून तो मजूर अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस केली. पुढे १९३५ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदल्यांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. एका माणसाच्या बोटावरची सत्ता कागदावर उतरविण्याचा तो प्रयत्न होता. आजोबांचे ते कार्ड आमच्या घरी कित्येक वर्षे देवघराच्या फळीवर, कुंकवाच्या कोयरीखाली होते.

परंतु जॉबराला निव्वळ खलपुरुष ठरवून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही. जो दस्तुरी घेई तोच आजारपणात दहा रुपये उसने देई. गावाहून नवखा पोर आला तर त्याला खोलीत निजायला जागा तोच मिळवून देई. आणि संपाच्या दिवशी, मालकाचा हस्तक म्हणून ज्याला सगळे ओळखत, त्यालाही रात्री त्याच चाळीत, त्याच शेजाऱ्यांच्या नजरा चुकवीत जिना चढावा लागे. त्याचा जुलूम जवळचा होता, म्हणून त्याला लाजही होती. ही लाज कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, आणि ती पुरेशी होती असेही नव्हे; पण तिचा उपयोग होई.

याच शहरात हमालांची कथा निराळ्या वाटेने गेली. मशीद बंदरच्या किराणा बाजारात, गोदीच्या परिसरात, कापडबाजारात माथ्यावर ओझे वाहणारा माणूस सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांच्या दुष्काळी आणि डोंगरी तालुक्यांतून आलेला. दिवसाकाठी दहा-वीस दुकानांचा माल उचलणारा. आणि म्हणूनच कोणाचाच नोकर नसलेला. शंभर-शंभर किलोंचे पोते आकड्याने ओढून पाठीवर घ्यायचे, फळीवरून चढायचे, थप्पी लावायची, आणि पाठीचा मणका सरकला तर गावी निघून जायचे. दुकानदाराकडे जावे तर तो म्हणे, हा माझा गुमास्ता नव्हे, याने माझी चार पोती उचलली, मी चार पोत्यांचे पैसे चुकते केले, विषय संपला. हा युक्तिवाद ऐकताना वाचकाला आजच्या कंपन्यांच्या वकिलांची भाषा आठवली, तर तो दोष माझा नाही.

गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये केंद्राचा कायदा झाला होता; त्याच धर्तीवर बाजारातल्या हमालांनाही संरक्षण मिळावे म्हणून अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली साठीच्या दशकात मुंबईत मोठी चळवळ उभी राहिली, तर पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीचे काम पन्नाशीच्या दशकापासूनच चालू होते. या साऱ्या रेट्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम अस्तित्वात आला. या कायद्याची करामत अशी, की 'मालक कोण' या ज्या प्रश्नावर सारी घोडी अडत होती, त्या प्रश्नाशी त्याने झुंजच घेतली नाही. त्याने मालक, कामगार आणि शासन या तिघांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ निर्माण केले. ज्याला ज्याला हमालाचे काम करून घ्यावयाचे आहे त्याने त्या मंडळाकडे नोंद करावी, ठरलेल्या दराने मजुरी आणि वर मजुरीच्या विवक्षित टक्केवारीने लेव्ही मंडळात भरावी. मजुरी टोळीतल्या माणसांच्या खात्यावर जमा व्हावी आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी यांची तजवीज व्हावी. मालक दहा असोत की शंभर, हमालाचा खतावणीतला धनी एकच राहिला. हमालांच्या तोंडी मंडळ हा शब्द नाही, बोर्ड हा आहे, आणि 'बोर्डात नाव लागले' हे वाक्य ज्या स्वरात ते उच्चारतात, त्या स्वरात आमच्या घरी एकेकाळी 'सरकारी नोकरी लागली' असे म्हणत.

वाशीच्या त्या टोळीचे अंतरंग पाहण्यासारखे आहे. गाडी लागली की दोघे वर चढतात, त्यांचे काम गोणी उचलून खालच्याच्या पाठीवर देण्याचे. बाकीचे एकामागून एक पाठ लावीत, धावल्यासारखे चालत गाळ्यात शिरतात. आणि आत जो उभा असतो तो बहुधा टोळीतला सर्वांत वयस्क, ज्याचे गुडघे आता पन्नास किलोंचे ओझेही घेऊन वीस पावले चालू देत नाहीत. तो गोण्यांची थप्पी लावतो. तोंडे आत, शिवण बाहेर, एक थर उभा तर दुसरा आडवा, जेणेकरून वरच्या थराचा भार खालच्यावर एकसारखा बसावा. मी पाहत होतो तेव्हा एका तरुणाने गोणी वाकडी टाकली, तर म्हाताऱ्याने काही न बोलता तिला पायाने एक ढोसणी दिली आणि ती जागच्या जागी बसली. संध्याकाळी त्याचा वाटा त्या तरुणाएवढाच. मी मुकादमाला विचारले, एकाने साठ गोण्या वाहिल्या, दुसऱ्याने नव्वद, मग वाटे सारखे कसे? तो माझ्याकडे जरा दयेनेच पाहत म्हणाला, "भाऊ, आज त्यो म्हातारा हाय. उद्या मी हाय की."

अर्थात या वहीच्या मांडवाखालीही अंधार आहे. बिल्ला बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे, गावाकडून गावाकडेच जातो. बाहेरच्याला टोळीत शिरकाव मिळणे दुर्घट. कित्येक ठिकाणी ज्याचे नाव बोर्डात आहे तो सावलीत बसतो आणि त्याच्या नावावर उत्तरेकडून आलेला एखादा पोरगा कमी पैशांत ओझे वाहतो. धान्य निवडणाऱ्या, सांडलेले झाडून गोळा करणाऱ्या बायका त्याच धक्क्यावर दिवसभर वाकलेल्या असतात, पण त्या टोळीच्या वहीत त्यांचे नाव मला आढळले नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारेही निपजले. त्यांचा बंदोबस्त करण्याचे कारण पुढे करून शासनाने २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयक आणले, आणि त्यायोगे मूळ संरक्षणच पातळ होईल म्हणून संघटनांनी त्यास कडवा विरोध केला. टोळी ही भावकी आहे. तिच्यात भावकीची ऊब आहे तशी भावकीची आडमुठी दारेही आहेत.

आणि यंत्र या बाजारात आलेच नाही असेही नाही. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि माणसाच्या पाठीवरून उतरणारा माल लोखंडी पेट्यांत बंद होऊन क्रेनने उतरू लागला, तेव्हा मुंबईच्या गोदीतल्या हजारो पाठी एकदम रिकाम्या झाल्या. त्याहून मला अधिक बोलकी वाटते ती इलेक्ट्रॉनिक काट्याची हकीकत. बाजार समित्यांत माल तोलणाऱ्याला, म्हणजे तोलणाराला किंवा मापाड्याला, तोलाई मिळे. काटा इलेक्ट्रॉनिक झाला तेव्हा व्यापारी म्हणू लागले, की आकडा आपोआप उमटतो, मग तोलाई कशाची? तोलणार म्हणाले, काट्यावर माल ठेवतो कोण, आणि शेतकऱ्याच्या देखत आकडा खरा लिहून घेतो कोण? हा तंटा गावोगावच्या समित्यांतून कोर्टापर्यंत गेला. वरकरणी पाहता हे यंत्राविरुद्ध मोडीत निघालेल्या धंद्याचे रडगाणे वाटेल. परंतु ज्या शेतकऱ्याने उभ्या आयुष्यात आडत्याच्या गाळ्यातले वजन कधी खरे पाहिले नाही, त्याला विचारून पाहावे, काट्याजवळ आडत्याचा नव्हे असा एखादा साक्षीदार हवा की नको.

आता पुतण्याकडे वळतो. तो मला पहिल्यांदा भेटला तो एका रविवारी संध्याकाळी, वाशीच्या एका उपाहारगृहाबाहेर, जेथे रंगीबेरंगी टी-शर्टांतले वीसेक तरुण दुचाक्यांवर रेलून फोनकडे डोळे लावून बसले होते. १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ही गोष्ट मी त्या रविवारी त्याला सांगितली. तो हसला. "काका, रविवारी सुट्टी घेतली तर आठवड्याचा इन्सेंटिव्हच जातो." लोकांची सुट्टी हा त्याचा हंगाम; पाऊस जोरात लागला की त्याचा दर वाढतो, आणि क्रिकेटचा सामना रंगला की त्याचे नशीब फळफळते.

त्याच्या कामात भोंगा नाही, दरवाजा नाही, बोट दाखविणारा जॉबर नाही. लॉगिन केले की हजेरी लागते. प्रथमदर्शनी यात मोठी मुक्ती आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो स्वतःच ती मान्य करतो. कोणाला कोंबडा न्यावा लागत नाही. आडनाव न विचारता काम मिळते. गावाकडे कापणी असली तर आठ दिवस निघून जाता येते. टोळीत जागा मिळण्यासाठी त्याला चुलत्याच्या निवृत्तीपर्यंत थांबावे लागले असते. येथे आधार कार्ड, लायसन आणि एक फोन, एवढ्यावर तो दोन दिवसांत कामाला लागला.

अडचण सुरू झाली ती एका उंच गृहसंकुलाच्या फाटकावर. रात्रीचे अकरा वाजले होते, रखवालदाराने वर सोडले नाही, गिऱ्हाईक फोन उचलेना, म्हणून त्याने पुडके फाटकावर ठेवले, फोटो काढला आणि पुढल्या ऑर्डरला गेला. गिऱ्हाइकाने जेवण मिळालेच नाही अशी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लॉगिन करू पाहिले तर आयडी ब्लॉक. त्याने मदतीच्या खिडकीत लिहिले. उत्तर आले, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्याने फोटो पाठविला. उत्तर आले, आपले म्हणणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. तिसऱ्यांदा त्याने मराठीत शिवी लिहिली. उत्तर आले, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ज्या टीम लीडरने त्याला भरती केले होते त्याचा नंबर बंद लागला. तो स्वतःच नोकरी सोडून गेला होता. रात्री जेवताना ही हकीकत कळल्यावर चुलता ताटावरून उठत म्हणाला, "चल, सकाळी वीस माणसं घिऊन जाऊ. सायबाला भेटू." पुतण्या म्हणाला, "नाना, सायबच न्हाय तिथं."

पाच दिवसांनी आयडी आपोआप चालू झाली. का बंद झाली होती आणि का चालू झाली, हे त्याला आजतागायत कळलेले नाही. मधले पाच दिवस तो मोकळा बसला नव्हता; मावसभावाची आयडी भाड्याने चालवीत होता. मावसभाऊ दिवसा एका गोदामात पहारा करी, त्याच्या नावावर हा ऑर्डरी पोचवी, आणि कमाईतला ठरलेला हिस्सा त्याला देई. हे ऐकले तेव्हा मला आजोबांचे बदली कार्ड आठवले. नव्वद वर्षांपूर्वी जो व्यवहार कागदावर आणून उजेडात आणण्याची खटपट झाली, तो पुन्हा अंधारात शिरला आहे, आणि दस्तुरीही त्याच्यामागोमाग आत आली आहे.

एक कबुली मला येथे दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री मी मागविलेली आमटी पुडक्यात सांडलेली निघाली, आणि मी चिडून तीन तारे देऊन मोकळा झालो. आमटी हॉटेलवाल्याने सैल झाकणात भरली होती की रस्त्यातल्या खड्ड्याने सांडली, हे मी पाहिले नाही, विचारले नाही. भिजलेल्या मुलाचा चेहराही मला आठवत नाही. परळच्या दरवाजावरचे ते बोट त्या रात्री माझ्या अंगठ्यात आले होते. जॉबराला निदान त्या माणसाच्या चाळीत राहावे लागे. मी बाराव्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या संकुलात अशा मुलांनी मालाच्या लिफ्टनेच यावे अशी पाटी आहे. त्या पाटीवरील ठरावाला मीही हात वर केला होता.

कायद्याने या मुलांकडे अगदीच डोळेझाक केली आहे असे नाही. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज वर्तविला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची व्याख्या केली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या निधीत भरावी अशी तरतूद ठेवली. ही संहिता अमलात यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. राजस्थानने मात्र २०२३ मध्येच देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला, आणि त्याची बांधणी ज्याने माथाडी कायदा वाचला आहे त्याला तत्काळ ओळखू यावी: त्रिपक्षीय स्वरूपाचे मंडळ, कामगारांची नोंदणी, आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. अंमल रखडला ही गोष्ट वेगळी. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात आणखी एक पाऊल टाकले. काम कसे वाटले जाते, दर कसा ठरतो हे कामगाराला समजेल अशा रीतीने सांगितले पाहिजे, आणि कारण देऊन चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय त्याला सामान्यतः काढता येणार नाही, असे त्यात आहे. मशीद बंदरच्या हमालांनी शोधलेली युक्ती जयपूर आणि बंगळूरच्या विधानसभांत जाऊन बसली, याचा अभिमान बाळगावा की ती तिच्या माहेरी या पोरांच्या वाट्याला अजून आली नाही याची खंत करावी, हे मी वाचकांवर सोपवितो. महाराष्ट्राने १९८१ मध्ये याच नमुन्यावर खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला होता, म्हणजे हा मार्ग आम्हास अपरिचित नाही.

पण मंडळ झाले तरी टोळी कोठून आणायची? १९६९ च्या कायद्याला टोळी आयती मिळाली होती. एकाच गाळ्यात घाम गाळणारी, एकाच गावच्या जत्रेला जाणारी, एकमेकांच्या पोरींच्या लग्नाला उभी राहणारी माणसे आधी होती, कायदा मागून आला. येथे प्रत्येकाचा पडदा वेगळा. २०२५ च्या अखेरीस, ऐन नाताळ आणि वर्षअखेरीच्या धामधुमीत, देशभरच्या या कामगारांच्या संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हा त्याच रात्रींसाठी कमाईची जादा आमिषे दाखविली गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. टोळीत फितूर व्हायला निदान कोणाच्या तरी समोरून जावे लागते. पुतण्याने त्या रात्री काय केले, ते मी विचारले नाही. त्याने होऊन सांगितले, की घरी आजी आजारी होती आणि तो रात्री बारापर्यंत धावला.

तरीही टोळी पूर्णपणे मेलेली नाही. त्याच्या फोनवर पाटण तालुक्यातल्या मुलांचा एक ग्रुप आहे. कोणाची गाडी घसरली की ठिकाणाची खूण त्यावर पडते आणि जवळपासचे चौघे ऑर्डर हातात असताना वळसा घालून तिकडे जातात. वळशाचा उशीर अर्थातच त्यांच्या खाती लागतो. गेल्या जुलैत एकाचा पाय मोडला तेव्हा एका रात्रीत त्याच्या इस्पितळाची पहिली रक्कम जमली. ज्या यंत्राने त्यांना एकेकटे केले, त्याच्याच शेजारच्या चौकटीत त्यांनी ही भावकी थाटली आहे.

वहीची कल्पना मात्र चुलत्याची. आयडीच्या प्रकरणानंतर त्याने पुतण्याला एक जुनी, अर्धी कोरी वही दिली आणि सांगितले, "तुजं तू लिवत जा. पाचाला एक आडवी रेघ." पहिले आठ दिवस तो चेष्टेने लिहीत होता: ऑर्डर कोठून, कोठे, किती किलोमीटर, हॉटेलाबाहेर किती मिनिटे थांबलो, किती मिळाले. मग एका चहाच्या टपरीवर दुसऱ्या मुलाने ती वही पाहिली, तोही लिहू लागला. मी शेवटचा गेलो तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. २५ सप्टेंबरला अण्णासाहेबांच्या जयंतीचा माथाडी मेळावा होऊन गेला होता, आणि त्याचे फाटके फलक रस्त्याच्या कडेला वाऱ्यावर फडफडत होते. टपरीवर पाच-सहा जण वहीवर ओणवे झाले होते. एकाच संध्याकाळी, एकाच हॉटेलातून, जवळजवळ एकाच अंतरावर गेलेल्या दोघांच्या ओळी त्यांना सापडल्या होत्या, आणि मिळालेल्या रकमांत अकरा रुपयांचा फरक होता. ज्याला कमी मिळाले त्याचे रेटिंग जास्त होते. एक म्हणाला, तू लांबून आलास म्हणून; दुसरा म्हणाला, तू कधीच ऑर्डर नाकारत नाहीस, हे त्याला कळलंय, म्हणून तुला कमी. 'त्याला' म्हणजे कोणाला, हे कोणी विचारले नाही.

तेवढ्यात तीन फोन एकदम वाजले. पिशव्या पाठीवर चढल्या, गाड्या सुरू झाल्या. पुतण्याने वही टपरीवाल्याच्या खारीच्या बरणीखाली सरकवली, पेन तिच्या सुतळीला अडकवले, आणि जाता जाता मागून येणाऱ्या एका नवख्या मुलाला ओरडून सांगितले, "आधी लिही, मग चहा घे."